शेवटच्या महिन्यांतील कंबरदुखी : काय सोसावे, काय सांगावे

३१ मे रोजी आपण पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण पाळतो. १९६९ साली चर्चची दिनदर्शिका बदलली, त्यापूर्वी हाच सण २ जुलैला येत असे, म्हणजे आपल्या खानापूर-बेळगाव भागात ऐन शेतीच्या गडबडीत. संत लूकच्या शुभवर्तमानातील महिन्यांचा हिशेब आपण सहसा करून पाहत नाही. देवदूताने मरियेला निरोप दिला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. मरिया डोंगराळ मुलखात तिच्याकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. म्हणजे गरोदर बाईला हातभाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच महिन्यांत एलिझाबेथच्या घरात दुसरी बाई होती.

आपल्याकडे मात्र त्याच महिन्यांत पुष्कळ घरांत उलटा प्रकार दिसतो. पाऊस पडला की घरातील सर्व हात शेतात लागतात. लावणी असते, भांगलण असते, रताळ्याचे वेल लावायचे असतात. आठव्या महिन्यातील सूनही इरले डोक्यावर घेऊन ओळीत वाकलेली असते. ‘कंबर भरून आली’ असे ती म्हणाली, तर उत्तर ठरलेले आहे : ‘आम्हाला काय पोरे झाली नाहीत?’ सासूबाई खोटे बोलत नाहीत. त्यांनी खरोखरच सोसले. परंतु सोसले म्हणून ते आवश्यक होते असे होत नाही. म्हणून या वेळी आपण शेवटच्या तीन महिन्यांतील कंबरदुखीचा विचार करू. ती कशाने येते, कोणाला जास्त होते, घरच्या घरी काय करता येते, आणि कोणते दुखणे ‘कंबरदुखी’ म्हणून घरात ठेवू नये, हे पाहू.

पाच किलोंची बुट्टी

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. गरोदरपणातील कंबरदुखी हे आळसाचे सोंग नव्हे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत साधारण निम्म्या, काही ठिकाणी त्याहूनही जास्त गरोदर स्त्रियांना कंबर किंवा ओटीच्या हाडांचे दुखणे असल्याचे आढळले आहे. खुर्चीवर बसून काम करणारीलाही ते होते आणि शेतात राबणारीलाही होते. बहुतेकींचे दुखणे बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते.

ते होते कशामुळे? दिवस भरत आले म्हणजे पोटातील बाळ अडीच-तीन किलोंचे असते. गर्भाची पिशवी एरवी शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. ती एकटीच सुमारे एक किलोची झालेली असते. त्यात वार सुमारे अर्धा किलो आणि बाळाभोवतीचे पाणी आणखी पाऊण-एक किलो. बेरीज केली तर पाच किलोंच्या आसपास जाते. हे ओझे पाठीवर किंवा डोक्यावर नसून पुढे लोंबकळते. पाच किलोंची बुट्टी पोटाशी बांधून दिवसभर वावरावे आणि रात्री झोपतानाही ती उतरवता येऊ नये, अशी ही अवस्था आहे. तोल पुढे जाऊ नये म्हणून बाई नकळत खांदे मागे टाकते आणि कमरेत पोकळी करून चालते. त्यामुळे कमरेचे स्नायू सतत ताणलेले राहतात. पुढून आधार देणारे पोटाचे स्नायू मात्र ताणून सैल झालेले असतात. म्हणजे जूं दोघांचे आणि ओढणारा बैल एकच.

दुसरे कारण सांध्यांचे आहे. बाळाला वाट मिळावी म्हणून या काळात शरीरातील काही हार्मोन ओटीच्या हाडांना बांधून ठेवणारे पट्टे थोडे ढिले करतात. ही देवाने केलेली सोयच आहे. पण खिळे ढिले झालेली खाट जशी वळताना कुरकुरते, तसे हे सांधे कूस बदलताना आणि पायरी चढताना दुखू लागतात.

दुखणे नेमके कोठे आहे?

‘कंबर दुखते’ या एका शब्दात दोन वेगळी दुखणी येतात. पहिले कमरपट्ट्याच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना असते. फार वेळ वाकल्याने, बसल्याने किंवा उभे राहिल्याने ते वाढते. दुसरे कमरपट्ट्याच्या खाली, जेथे पाठीच्या तळाला दोन खळ्या पडतात तेथे असते. ते ढुंगणात आणि मांडीच्या मागच्या बाजूला उतरते, आणि कधी पुढे जांघेतही जाणवते. अंथरुणात कूस बदलताना, एका पायावर उभे राहून परकर घालताना, जिना किंवा बांध चढताना कळ येते. ओटीचे सांधे ढिले झाल्याने येते ते हे दुसरे दुखणे. पहिल्यात कमरेचा व्यायाम आणि कामाची पद्धत बदलणे उपयोगी पडते. दुसऱ्यात लांब ढांगा टाकणे, एका पायावर भार देणे आणि पाय फाकून उड्या मारणे टाळावे लागते. दवाखान्यात गेल्यावर नुसते ‘कंबर’ न म्हणता बोट ठेवून जागा दाखवावी. डॉक्टरांचे किंवा नर्सबाईंचे काम त्याने सोपे होते.

कोणाला जास्त त्रास होतो?

सर्वांना तो सारखा होत नाही. ज्या गोष्टींशी त्याचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे त्या अशा : गरोदर होण्यापूर्वीच कंबर दुखत असणे, मागच्या खेपेला हा त्रास झालेला असणे, पूर्वी पडून किंवा अपघाताने ओटीच्या हाडांना मार लागलेला असणे, आणि जड कामे, म्हणजे वारंवार वाकणे, ओझे उचलणे, कमरेत पीळ देऊन वजन एका बाजूकडून दुसरीकडे टाकणे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बायकांत, तसेच मनावर सतत ताण असलेल्यांतही हे दुखणे जास्त दिसते असे काही अभ्यास सांगतात.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. यातील पहिल्या तीन गोष्टी आता आपल्या हातात नाहीत. त्या होऊन गेल्या. आपल्या हातात उरते ते काम आणि मनावरचा ताण. आणि या दोन्ही गोष्टी एकट्या गरोदर बाईच्या हातात नसतात. त्या सर्व घराच्या हातात असतात. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

काही समजुतीही येथेच सोडून द्याव्यात. कंबर जास्त दुखली म्हणजे मुलगी होणार किंवा मुलगा होणार, यात काही तथ्य नाही. शेवटपर्यंत राबले म्हणजे बाळंतपण सोपे होते, हेही अर्धसत्य आहे. हिंडते-फिरते राहणे चांगले. पण हिंडणे-फिरणे वेगळे आणि डोक्यावर वैरणीचा भारा वाहणे वेगळे. बराच वेळ उभे राहणे आणि जड ओझी उचलणे यांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशीही थोडाफार संबंध काही अभ्यासांत दिसला आहे.

घरात आणि शेतात काय बदलावे?

गरोदर बाईला खाटेवर निजवून ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पडून राहण्याने कंबरदुखी उलट वाढते. काम बंद करण्याऐवजी कामाची वाटणी आणि रीत बदलावी.

१. पाणी. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. भरलेली घागर कमरेवर घेतली की सारे वजन एका बाजूला येते आणि पाठ वाकडी होते. सातव्या महिन्यापासून भरली घागर तिने उचलूच नये. अगदीच निकड असेल तर दोन लहान भांडी, दोन हातांत एकेक, अर्धी भरून आणावी. पाणी भरणे हे पुरुषांनी करण्यास काहीच हरकत नसलेले काम आहे.

२. उचलणे. वस्तू खालून घ्यायची असेल तर कमरेत न वाकता पाय थोडे फाकून गुडघ्यांत वाकावे, वस्तू अंगाजवळ आणावी आणि पायांच्या जोरावर उठावे. हात लांब करून उचललेले वजन कमरेला कितीतरी पटींनी जड होते. पहार टोकाला धरून उचलून पाहावी म्हणजे कळेल. वळायचे असेल तर पावले टाकून सबंध अंगाने वळावे, कमरेत पीळ देऊ नये.

३. लावणी व भांगलण. तासन्‌तास वाकून करण्याची ही कामे शेवटच्या तीन महिन्यांत नकोत. चिखलात पाय रुततो, तो ओढून काढताना सारा भार एका पायावर येतो आणि घसरून पडण्याची भीती असते ती वेगळीच. शेतावर येणे गरजेचेच असेल तर तिला बसून करण्याची कामे द्यावीत, जसे बियाणे निवडणे, रोपांच्या जुड्या बांधणे. तीही पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकून.

४. गोठा. शेणाची बुट्टी, वैरणीचा भारा आणि कोंड्याचे पोते हे दुसऱ्याकडे द्यावे.

५. चूल आणि कपडे. जमिनीवर बसून भाकऱ्या थापताना पाठीला भिंतीचा आधार घ्यावा किंवा ओट्याची सोय करावी. धुण्याचा दगड कमरेइतक्या उंचीचा असावा. ओट्याजवळ उभे राहताना एक पाऊल विटेवर ठेवावे आणि थोड्या वेळाने पाय बदलावा; कमरेवरील ताण त्याने हलका होतो.

६. प्रार्थना. मिस्सेच्या वेळी आणि घरातील तेर्साच्या वेळी गुडघे टेकल्याने किंवा फार वेळ उभे राहिल्याने त्रास होत असेल तर बसावे. प्रकृतीच्या कारणाने बसून भाग घेण्यास चर्चची मुभा आहे. मागच्या बाकावरील कोणी काही म्हणेल या संकोचाने कोणी कळ सोसू नये. आणि म्हणणाऱ्यांनीही म्हणू नये.

झोप, व्यायाम आणि शेक

शेवटच्या महिन्यांत फार वेळ उताणे निजू नये. गर्भाचे वजन पाठीमागील मोठ्या रक्तवाहिनीवर पडते. त्याने चक्कर येते आणि बाळाकडील रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर निजावे. दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी आणि पोटाखाली लहान उशी घ्यावी. उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, दोन्ही पाय एकत्र ठेवून खाली सोडावे आणि हातांनी रेटून उठावे. इतक्या साध्या गोष्टीने पहाटेची कळ कितीतरी कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदर मातांच्या काळजीसंबंधी ज्या शिफारशी केल्या, त्यांत कंबर व ओटीचे दुखणे टाळण्यासाठी गरोदरपणात नियमित व्यायाम करावा असे सांगितले आहे. ‘दिवसभर काम करते, तिला आणखी व्यायाम कशाला?’ असे कोणी विचारील. कामाने दमणारे स्नायू वेगळे आणि बळकट व्हायला हवेत ते वेगळे. दोन सोपे व्यायाम असे :

पहिला, भिंतीचा. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, टाचा वीतभर पुढे ठेवाव्यात, गुडघे किंचित वाकवावेत. श्वास सोडत कमरेतील पोकळी भिंतीला टेकवण्याचा प्रयत्न करावा, पाच अंक मोजावेत आणि सैल सोडावे.

दुसरा, मांजराचा. सतरंजीवर हात आणि गुडघे टेकावेत. पाठ सपाट ठेवावी. श्वास सोडताना मांजर अंग ताणते तशी पाठ हळूच वर उचलावी आणि पुन्हा सपाट आणावी. खाली झोळ पडू देऊ नये.

दोन्ही आठ-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करावेत. संध्याकाळी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे चालावे. ज्यांना रक्तस्राव झाला आहे, रक्तदाब वाढलेला आहे, वार खाली असल्याचे सांगितले आहे किंवा पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

गरम पाण्याच्या पिशवीने कमरेला दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा. पिशवी कापडात गुंडाळावी आणि पोटावर ठेवू नये. तेल लावायचे तर कुशीवर निजवून हलक्या हाताने, केवळ पाठ व कंबर चोळावी. पोट दाबणे, पाठीवर पाय देणे, झटका देऊन ‘मोड काढणे’ हे प्रकार अगदी करू नयेत. पोटाखालून आधार देणाऱ्या पट्ट्याने काहींना चालताना बरे वाटते. तो डॉक्टरांना विचारून घ्यावा आणि आवळून बांधू नये.

कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात. त्या कंबरदुखीचे औषध नव्हेत, पण आई व बाळाच्या प्रकृतीसाठी आवश्यक आहेत. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. एक सकाळच्या आणि दुसरी रात्रीच्या वेळी, सांगितल्याप्रमाणे घ्यावी.

दुकानातील गोळी नको

येथे आम्हाला जरा कडक शब्दांत सांगावे लागते. बाजाराच्या दिवशी नवरा औषधाच्या दुकानात जातो, ‘कंबरदुखीची गोळी द्या’ म्हणतो, आणि घरी सहा महिने-आठ महिने गरोदर बायको आहे हे सांगत नाही. त्या गोळीत पुष्कळदा डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. या जातीच्या औषधांनी २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन त्याच्या भोवतीचे पाणी कमी होऊ शकते. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळील, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी पोटातच आकसण्याचा धोका असतो. याच औषधांची मलमेही विचारल्यावाचून चोळू नयेत. दुखणे असह्य असेल तर पॅरासिटामॉल घेता येते. पण तेही किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी स्वतः लहान मात्रेची अस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

जी कंबरदुखी नव्हे

एका घरातील हकिगत आम्हाला ठाऊक आहे. आठवा महिना लागलेला. दिवसभर भांगलण करून आलेल्या सुनेची कंबर रात्री दुखू लागली. घरच्यांनी प्रेमानेच तेल चोळले, शेक दिला. दुखणे थोडे थांबे आणि पुन्हा येई. श्रमाचे असेल म्हणून सर्व जण निजले. पहाटे पाणी गेले आणि आरोग्य केंद्रात पोहोचताच ती बाळंत झाली. बाळ जगले, पण पुढे कित्येक दिवस त्याला मोठ्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवावे लागले. रात्रीच निघाले असते तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला द्यावयाचे इंजेक्शन वेळेत देता आले असते. चूक कोणाच्या निर्दयपणाची नव्हती. न कळण्याची होती.

म्हणून पुढील खुणा भिंतीवर लावून ठेवा. यातील एकही दिसली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा :

– ३७ आठवडे भरण्यापूर्वी कंबर ठराविक वेळाने दुखणे आणि थांबणे, त्याबरोबर पोट कडक होणे, खाली दाब जाणवणे.
– अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे.
– पोट दगडासारखे कडक होऊन न थांबणारे तीव्र दुखणे.
– थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि बरगडीखाली एका बाजूला दुखणे. हा मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो.
– पायांतील शक्ती जाणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे.
– डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, छातीखाली दुखणे. हे रक्तदाबाचे लक्षण असू शकते.
– पडल्यानंतर किंवा पोटाला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे.
– बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणे.

याशिवाय रात्रंदिवस न थांबणारे मणक्याचे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन न वाढणे असे असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे तपासून घ्यावे. आपल्या देशात ही शंका सोडून देण्यासारखी नाही.

गाडीसाठी १०८ क्रमांक फिरवावा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. त्या दिवशी कामाचा खाडा झाला तरी तो वाया जात नाही.

मरियेचे तीन महिने

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. शेतीच्या हंगामात माणसे मिळत नाहीत, हे आम्ही जाणतो. एक जोडी हात कमी झाले तर काम आठ दिवस मागे पडते आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. ‘विश्रांती घे’ असे सांगणे सोपे आहे. तिची ओळ कोण ओढणार, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे. एकमेकांच्या शेतात सावडीने काम करण्याची रीत आपल्याला नवी नाही. पेरणीपूर्वी महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने एवढेच पाहावे, की या हंगामात आपल्या धर्मग्रामात कोणाकोणाला सातवा, आठवा, नववा महिना असणार आहे. त्या प्रत्येक घराला दोन-तीन दिवसांची सावड द्यावी. परत फेडण्याची घाई नको. बाळ मोठे झाले की ती माउली दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात जाईलच. नवऱ्यांनी पाणी आणि वैरण आपल्याकडे घ्यावी. सासूबाईंनी आपण सोसले ते आठवावे, पण सुनेलाही तेवढेच सोसायला लावण्यासाठी आठवू नये. आणि गरोदर भगिनींनो, आपले दुखणे बोलून दाखवण्यात लाज नाही. न बोललेले दुखणे कोणाला दिसत नाही.

मरियेने एलिझाबेथकडे जाऊन कोणती कामे केली, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पण तीन महिने पाहुणी म्हणून कोणी बसून राहत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. तिचा सण आपण दरवर्षी पाळतो. यंदा तो एखाद्या शेजारणीच्या भरल्या घागरीला हात लावून पाळावा.